सिराज औरंगाबादी : साखळी, शायरी आणि सबुरी

मराठवाड्याच्या मातीने उर्दूला जी मोठी नावे दिली, त्यांत वली आणि सिराज ही दोन आघाडीवर आहेत. वलींवर गुजरातही आपला हक्क सांगतो. सिराज मात्र निखळ आपले, औरंगाबादचे. त्यांची एक गझल कव्वालीच्या मैफलीत, रेडिओवर आणि हल्ली मोबाइलवर सतत ऐकू येते. तिचा विषय तहय्युर, म्हणजे माणसाचे भान हरपवणारा विस्मय. ती ऐकताना मान डोलावणाऱ्या अनेकांना हे ठाऊक नसते की, ती लिहिणारा माणूस किशोरवयात सात वर्षे स्वतःचे भान हरपून फिरत होता आणि घरच्यांनी त्याला साखळीने बांधून ठेवले होते.

रमजानच्या या पानावर सिराज यांची आठवण काढण्याचे कारण हेच. रोजा पोटाइतकाच मनाचाही असतो, असे आपण दरवर्षी म्हणतो. पण मन बिघडले, थकले, सैरभैर झाले की आपण काय करतो? एक तर त्याला देवमाणूस म्हणतो, नाही तर वेडा. सिराज यांच्या वाट्याला हे दोन्ही आले आणि त्या दोन्हींतून ते बाहेरही आले. कसे आले, हे समजून घ्यायला मानसशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या पुस्तकातले साधे धडे पुरतात. वर्तन, जाणीव, प्रेरणा, शिकणे, भावना, स्मरण, आत्मनियंत्रण : बी.ए.ची मुले परीक्षेसाठी पाठ करतात ती ही सगळी प्रकरणे या एका आयुष्यात जिवंत भेटतात.

बारा वर्षांचा मुलगा

सय्यद सिराजुद्दीन यांचा जन्म अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात झाला. वडिलांचे नाव सय्यद दरवेश. घर सय्यदांचे, शिक्षणाची आवड असलेले. शहरही काही साधे नव्हते. मलिक अंबरने १६१० च्या सुमारास वसवलेली खडकी पुढे औरंगजेबाच्या सुभेदारीत औरंगाबाद झाली आणि दख्खनच्या मोगल कारभाराचे केंद्र बनली. १७०७ मध्ये औरंगजेबाचा मृत्यू झाला आणि त्याला जवळच खुलदाबादेत दफन करण्यात आले. त्यानंतर दिल्लीची पकड सैल होत गेली. १७२४ मध्ये आजच्या बुलढाणा जिल्ह्यातील साखरखेर्डा येथे लढाई जिंकून निजाम-उल-मुल्कने दख्खनमध्ये आसफजाही सत्तेचा पाया घातला. पुढे सव्वादोनशे वर्षे आपला हिंगोली-परभणीचा मुलूख ज्या राजवटीखाली राहिला, ती इथून सुरू झाली. सिराज किशोरवयात येत होते, तो हा काळ.

दरबाराची भाषा फारसी, गल्लीतली दखनी, वेशीबाहेरच्या शेतशिवारात मराठी. अशा शहरात वाढणाऱ्या मुलाच्या कानावर तिन्ही भाषा पडत असणार. फारसी कविता तर त्या काळच्या सुशिक्षित घरात मुलांना लहानपणापासून पाठ करायला लावत. हे लक्षात ठेवा. पुढे त्याचे काम आहे.

सिराजुद्दीन बारा वर्षांचा झाला आणि त्याच्यात काहीतरी बदलले. तो घर सोडून पळू लागला. औरंगाबादहून खुलदाबाद सुमारे पंचवीस किलोमीटर. तिथे चिश्ती परंपरेतले थोर सूफी हजरत बुऱ्हानुद्दीन गरीब यांची दर्गाह आहे. ते दिल्लीच्या हजरत निजामुद्दीन औलियांचे खलीफा. दौलताबादला राजधानी हलली त्या काळात दख्खनमध्ये आले आणि १३३७ मध्ये इथेच विसावले. हा मुलगा त्या दर्गाहच्या परिसरात रात्रंदिवस भटके. कपड्यांची शुद्ध नसे, खाण्यापिण्याची नसे. आणि त्याच्या तोंडून फारसी शेर बाहेर पडत. एक नाही, दोन नाही, ओघच्या ओघ. ही अवस्था सात वर्षे चालली. यातले बरेचसे सिराज यांनी स्वतःच पुढे प्रौढ वयात, आपल्या एका फारसी संग्रहाच्या प्रस्तावनेत लिहून ठेवले आहे.

आधी पाहा, मग नाव द्या

मानसशास्त्राचा पहिला धडा असा की हे शास्त्र माणसाच्या वर्तनाचा आणि मनात चालणाऱ्या प्रक्रियांचा अभ्यास करते. वर्तन म्हणजे जे बाहेरून दिसते : पळणे, बोलणे, खाणे, झोपणे. मनातल्या प्रक्रिया म्हणजे विचार, भावना, आठवण. त्या थेट दिसत नाहीत. त्या वर्तनावरून ताडाव्या लागतात किंवा त्या माणसाला विचाराव्या लागतात. विल्हेल्म वुंट यांनी १८७९ मध्ये जर्मनीत लाइपझिग येथे पहिली प्रयोगशाळा सुरू केली, तेव्हापासून या शास्त्राची शिस्त एकच आहे. आधी नीट पाहा, त्याचे वर्णन करा, मग त्याला नाव द्या.

आपण नेमके उलटे करतो. नाव आधी, पाहणे नंतर. पुष्कळदा पाहणे नाहीच. आपल्या भागात मूल असे वागू लागले की कोणी भानामती म्हणते, कोणी जिन्नाचा साया, कोणी नजर, कोणी अंगात आले म्हणते. शहरात शिकलेला नातेवाईक आला की तो मोबाइलवर वाचलेल्या एखाद्या आजाराचे नाव सांगतो. नाव कोणतेही असो, ते मिळाले की सगळ्यांना हायसे वाटते आणि मुलाकडे पाहणे थांबते.

सिराजुद्दीनकडे नुसते पाहिले तर काय दिसते? वय बारा. किशोरावस्थेचा उंबरठा. शरीर, झोप, भावना सगळेच या वयात ढवळून निघते. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली हॉल यांनी १९०४ मध्ये या वयावर मोठा ग्रंथ लिहिला आणि त्याला वादळाचा काळ ठरवले. प्रत्येक मुलाचे वादळ सारखे नसते, हे पुढच्या अभ्यासकांनी दाखवले. पण एक गोष्ट आजही खरी आहे. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मानसिक आजारांपैकी बरेचसे किशोरवयातच सुरू झालेले असतात. म्हणजे मोठ्यांनी सर्वांत जास्त लक्ष द्यावे असे वय हेच. आणि नेमके याच वयाला आपण वाढत्या वयाची नाटके म्हणून मोडीत काढतो.

दुसरी गोष्ट दिसते ती जाणिवेची. जाणीव म्हणजे दिव्यासारखी एकतर पेटलेली किंवा विझलेली नसते. झोप, स्वप्न, ताप, गाढ प्रार्थना, अतोनात दुःख, या प्रत्येकात तिची पातळी बदलते. सिराजुद्दीनला थंडी-वाऱ्याची, वस्त्राची जाणीव राहत नव्हती; पण शेरांचे वृत्त मात्र सांभाळले जात होते. म्हणजे मनाचा एक भाग हरपला होता आणि दुसरा पूर्ण जागा होता. लहानपणी पाठ झालेली फारसी इथे कामाला आली. विल्यम जेम्स या अमेरिकी तत्त्वज्ञाने १९०२ मध्ये धार्मिक अनुभवांवर आपली प्रसिद्ध व्याख्याने पुस्तकरूपात आणली. त्यात त्यांनी बजावले की अनुभव कुठून उगवला एवढ्यावरून त्याची किंमत ठरवू नये. त्याचे फळ काय आले ते पाहावे. सिराज यांच्या बाबतीत फळ दिसायला अजून बरीच वर्षे जायची होती.

तिसरी गोष्ट प्रेरणेची. हा मुलगा वाट फुटेल तिकडे धावत नव्हता. तो पुन्हा पुन्हा एकाच ठिकाणी जात होता. सैरभैर दिसणाऱ्या वागण्यालाही दिशा असते. त्याला काय हवे होते, हे त्याचे पाय सांगत होते. ते वाचणारे कोणी हवे होते.

मजजूब की वेडा?

समाजाने दोन उत्तरे दिली. दर्गाहवर येणाऱ्यांना तो मजजूब वाटला असेल. सूफींच्या भाषेत मजजूब म्हणजे ज्याला ईश्वराने एकदम आपल्याकडे ओढून घेतले आणि ज्याची शुद्ध त्या ओढीत गेली, असा माणूस. आपल्या मराठी मुलखालाही ही कल्पना परकी नाही. महानुभावांचे गोविंदप्रभू ऋद्धिपुरात असेच वागत. लोक त्यांना वेडे म्हणत आणि भक्त त्यांच्यात परमेश्वर पाहत. गावोगाव असे अवधूत होऊन गेले. त्यांच्याविषयी आदर बाळगणे ही आपली जुनी रीत आहे आणि ती वाईट नाही. निदान त्यांना कोणी दगड तरी मारत नव्हते.

पण या आदरात एक धोका असतो. एकदा देवमाणूस ठरवले की त्याने जेवण केले का, त्याच्या पायाची जखम चिघळली का, रात्री तो झोपला का, हे कोणी विचारत नाही. सूफी बुजुर्गांनी हा धोका ओळखला होता. त्यांनी मजजूब आणि सालिक असा फरक केला. सालिक म्हणजे वाट पावलापावलाने, शुद्धीत राहून चालणारा. नुसता मजजूब दुसऱ्याला वाट दाखवू शकत नाही. वाटाड्या व्हायचे तर शुद्धीवर यावेच लागते, असे त्यांनी मानले. शरीयतही हेच सांगते. ज्याची शुद्ध हरपली आहे त्याच्यावर नमाज-रोज्याची जबाबदारी राहत नाही. ही शिक्षा नाही, सवलत आहे. याचा सरळ अर्थ असा की इस्लाममध्ये मन आजारी पडू शकते हे मान्य आहे आणि आजारी मनाकडून हिशेब मागितला जात नाही.

दुसरे उत्तर घरच्यांनी दिले. चरित्रकार सांगतात की वडिलांनी मुलाला धरून आणले आणि साखळी घातली. त्या बापाला दोष देणे सोपे आहे. मुलगा उघडा फिरतो, डोंगरवाटेने दौलताबादचा घाट चढून जातो, रात्री परत येत नाही. बाप काय करणार? साखळी हे त्याच्या भीतीचे रूप होते, रागाचे नव्हे. पण शिकण्याविषयीचा धडा इथे निष्ठुर आहे. बी. एफ. स्किनर यांनी प्रयोगांतून दाखवले की शिक्षेने वागणे दबते, ते शिक्षा चालू असेपर्यंत. नवे वागणे मात्र शिक्षा शिकवत नाही. साखळी पाय थांबवते. ओढ थांबवत नाही. सिराजुद्दीनचे तेच झाले. साखळीने सात वर्षांतला एक दिवसही कमी केला नाही.

हा इतिहास झाला म्हणून सोडून देता येत नाही. ऑगस्ट २००१ मध्ये तमिळनाडूतील एरवाडी येथे दर्गाहजवळच्या एका खासगी आसऱ्यात पहाटे आग लागली. तिथे मनोरुग्णांना खांबांना साखळदंडाने बांधून ठेवलेले होते. त्यांना पळता आले नाही. २८ माणसे गेली. त्यांना तिथे आणून सोडणारे सगळे दुष्ट नव्हते. ते सिराजच्या वडिलांसारखेच घाबरलेले, थकलेले, आशेने आलेले लोक होते. आणि त्यांत सगळ्या धर्मांचे होते. त्या आगीनंतर देशभर चर्चा झाली, सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि पुढे मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ च्या कलम ९५ ने मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्यास साफ मनाई केली. कायदा आहे. तरी कुठल्या गावात, कुठल्या मागच्या खोलीत आज कोण बांधलेले आहे, हे त्या गावाला ठाऊक असते.

ऐकणारा माणूस

सात वर्षांनंतर वादळ ओसरले. सिराज वीस वर्षांच्या आसपास होते. मग त्यांनी शाह अब्दुल रहमान चिश्ती यांचा हात धरला, त्यांचे मुरीद झाले. आपल्या जवळा बाजारच्या वाचकाला याची तुलना दूर शोधायला नको. नरसीचे नामदेव विठ्ठलाच्या वेडात बुडालेले होते. त्यांना औंढा नागनाथाच्या देवळात विसोबा खेचर भेटले आणि त्या भक्तीला वाट मिळाली, असे परंपरा सांगते. आपल्या तालुक्याच्या गावची ही गोष्ट घराघरात माहीत आहे. भावनेचा पूर आला असताना तिला काठ देणारा कोणी लागतो, हे वारकऱ्यांना आणि सूफींना सारखेच कळले होते.

शाहसाहेबांनी काय केले? त्यांनी सिराज यांच्या तोंडून येणारे शब्द बंद केले नाहीत. त्याच काळात सिराज उर्दूत, तेव्हाच्या भाषेत रेख्त्यात, गझला म्हणू लागले. त्यांचे गुरुबंधू अब्दुल रसूल खान यांनी त्या गझला गोळा केल्या आणि त्यांचा दीवान तयार केला. १७४० च्या सुमारास हा संग्रह पूर्ण झाला, तेव्हा त्यात काही हजार शेर होते. उर्दू गझलेच्या इतिहासात वलींनंतर आणि मीर-सौदांच्या आधी सिराज यांचे जे स्थान आहे, ते या थोड्या वर्षांच्या कामावर उभे आहे.

इथे भावना आणि भाषा यांचा धडा येतो. भावना ही नुसती मनात नसते. ती छातीच्या ठोक्यात, श्वासात, घशात असते. तिला शब्द मिळाला की ती हाताळता येते. अमेरिकेतील जेम्स पेनबेकर यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना चार दिवस, रोज पंधरा मिनिटे, आपल्या सर्वांत जिव्हारी लागलेल्या अनुभवाविषयी मनातले सारे लिहायला सांगितले. लिहिताना त्यांना त्रास झाला. पण पुढच्या महिन्यांत त्यांचे दवाखान्यात जाणे इतरांपेक्षा कमी झाले. शब्द हे औषधाची जागा घेत नाहीत. पण मुक्या दुःखापेक्षा बोललेले दुःख हलके असते, हे आपल्या जात्यावरच्या ओव्या म्हणणाऱ्या आयाबायांना कोणत्याही प्रयोगाआधी माहीत होते.

आता एक फरक पाहा. खुलदाबादच्या वाटेवर सिराज यांच्या तोंडून निघालेले फारसी शेर जवळजवळ सगळे हरवले. सिराज यांनी स्वतः नोंदवले आहे की ते सगळे कोणी लिहून घेतले असते, तर मोठा ग्रंथ झाला असता. तेव्हा शेर होते, पण लिहून घेणारा नव्हता. पुढे उर्दू शेर निघाले तेव्हा अब्दुल रसूल खान बाजूला बसलेले होते. तोच मुलगा, तीच प्रतिभा. पहिल्या वेळी त्याच्याभोवती बघे होते, दुसऱ्या वेळी मित्र होता. मनाला सावरणारी सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे आपले म्हणणे कोणीतरी मोलाचे मानतो ही खात्री. मानसोपचारात कार्ल रॉजर्स यांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर हाच विचार मांडला. समोरच्याला अट न घालता स्वीकारा, त्याच्या जागी उभे राहून ऐका. बदल तिथून सुरू होतो. औरंगाबादच्या खानकाहीत हे दोनशे वर्षे आधी घडले.

स्मरणाविषयीही एक गोष्ट सांगायला हवी. सिराज यांनी आपल्या त्या सात वर्षांची हकीकत लिहिली, ती पुढे बऱ्याच वर्षांनी. इंग्लंडमधील फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ मध्ये दाखवले की आठवण ही कपाटात ठेवलेल्या वस्तूसारखी जशीच्या तशी बाहेर येत नाही. माणूस ती दरवेळी नव्याने रचतो, आज आपण जे आहोत त्याच्या आधारे. सिराज यांनी आपल्या वादळाची लाज बाळगून ते लपवले नाही आणि त्याचा चमत्कारही केला नाही. असे असे झाले, इतकी वर्षे झाले, मग असे झाले, एवढेच सांगितले. आपल्या आयुष्यातल्या सर्वांत कठीण काळाकडे इतक्या शांतपणे पाहता येणे, हेच बरे होण्याचे लक्षण आहे.

लेखणी खाली ठेवणे

मग सिराज यांच्या आयुष्यातली सर्वांत अवघड गोष्ट आली. दीवान पूर्ण झाला, नाव झाले, आणि मुर्शिदांनी सांगितले की आता शायरी पुरे. सिराज यांनी गझल सोडली. तेव्हा ते तिशीच्या आतबाहेर होते.

हे ऐकून आजच्या वाचकाला राग येतो. प्रतिभेचा गळा घोटला असे वाटते. पण साखळी आणि ही आज्ञा यांतला फरक पाहिला पाहिजे. साखळी दुसऱ्याने घातली होती, झटापट करून. शायरी सिराज यांनी स्वतः थांबवली, ज्याच्यावर विश्वास होता त्याचा सल्ला मानून. आत्मनियंत्रण हे बाहेरून लादलेल्या नियंत्रणापेक्षा वेगळे असते. ते तुटलेल्या मनाला जमत नाही, सावरलेल्यालाच जमते. ज्या माणसाला बारा वर्षांचा असताना आपले शब्द आवरता येत नव्हते, त्याला आता ते आवरता येत होते.

रोजाही असाच असतो. रोज्यात आपण हराम गोष्टी सोडत नाही. त्या तर बारा महिने सोडायच्याच असतात. आपण हलाल गोष्टी सोडतो. पाणी, भाकरी, आपल्या हक्काच्या गोष्टी. कोणी पाहत नसताना, माठ शेजारी असताना, सूर्य मावळेपर्यंत हात आखडता घेतो. मी माझ्या इच्छेपेक्षा मोठा आहे, एवढे स्वतःला दाखवण्यासाठी. आमच्या हिंदू शेजाऱ्यांकडे एकादशी-चातुर्मासात आवडीची भाजी सोडतात, त्यामागेही हाच अर्थ आहे.

मात्र नुसते सोडून भागत नाही. अमेरिकेतील डॅनियल वेग्नर यांनी १९८७ मध्ये एक साधा प्रयोग केला. लोकांना सांगितले, पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका. झाले, त्यांच्या डोक्यात पांढरे अस्वलच येत राहिले. पण विचार आला की दुसऱ्या एका ठरावीक गोष्टीकडे वळा, असे सांगितलेल्यांना ते बरेच सोपे गेले. मनाला रिकामे ठेवता येत नाही. त्याला दुसरे काम द्यावे लागते. म्हणूनच रमजानात उपाशी राहण्यासोबत कुरआनचे पठण आहे, तरावीह आहे, जकात-फितरा आहे, शेवटच्या दहा दिवसांत एतिकाफची बैठक आहे.

सिराज यांनीही जागा रिकामी ठेवली नाही. ते आपल्या तकियात राहिले. तिथे लोक येत, समाच्या मैफली होत. त्यांनी फारसी शायरांचे दीवान वाचून त्यांतून निवडक शेरांचा मोठा संग्रह केला. त्याच्याच प्रस्तावनेत त्यांची ती आत्मकथा आहे. स्वतःचे शेर थांबवून दुसऱ्यांचे शेर वेचणे, हेही एक प्रेमच. आणि १७४७ मध्ये 'बोस्तान-ए-खयाल' ही मस्नवी त्यांच्या हातून उतरली. हिजरी साल ११६० आणि शेरही ११६०. म्हणजे संयम म्हणजे झरा बुजवणे नव्हे. त्याला वेळ आणि वाट ठरवून देणे होय.

शेवट आणि आठवण

हिजरी ११७७ मध्ये, म्हणजे १७६३-६४ च्या सुमारास सिराज औरंगाबादेतच वारले. त्यांच्या हयातीतच शहरातल्या एका तरुणाने दख्खनच्या आणि उत्तरेच्या शायरांची चरित्रे फारसीत लिहिली आणि त्यांत सिराज यांना जागा दिली. त्या ग्रंथाचे नाव 'चमनिस्तान-ए-शुअरा' आणि लेखकाचे नाव लछमी नारायण शफीक. हिंदू खत्री घराण्यातला हा मुलगा, आझाद बिलग्रामींचा शागिर्द. पुढे विसाव्या शतकात हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाचे प्राध्यापक अब्दुल कादिर सरवरी यांनी सिराज यांचे समग्र काव्य संपादित केले, म्हणून आज ते आपल्याला वाचायला मिळते. ज्या मुलाचे शेर खुलदाबादच्या वाऱ्यावर उडून गेले, त्याचे उरलेले शब्द जपायला किती हात लागले, आणि ते कोणकोणत्या घरांतले होते, हे मुद्दाम सांगावेसे वाटते.

तीन शतकांपूर्वीच्या माणसाला आज आजाराचे नाव लावणे हा अविचार होईल. पण त्याच्या आयुष्यातून एक साधा हिशेब मांडता येतो. सात वर्षे साखळी होती, काही बदलले नाही. मग ऐकणारा गुरू, लिहून घेणारा मित्र, करायला काम आणि स्वतःहून घेतलेली शिस्त मिळाली, आणि माणूस उभा राहिला. आज आपल्याकडे सिराज यांच्या वडिलांजवळ नव्हती अशी आणखी एक गोष्ट आहे : औषध.

म्हणून या रमजानात काही गोष्टी मनावर घ्या. घरात कोणाला मानसिक आजाराच्या गोळ्या सुरू असतील, तर रोजा धरायचा म्हणून त्या परस्पर बंद करू नका. लिथियमसारख्या काही औषधांचे प्रमाण शरीरातले पाणी कमी झाले की धोकादायक होऊ शकते. आधी डॉक्टरांना विचारा. आजाऱ्याला रोज्यातून सवलत खुद्द कुरआनने दिली आहे, आणि मनाचा आजार हाही आजारच. दर्गाहला जायला, दुवा मागायला कोणी मना करत नाही. गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यातल्या उनावा येथे मीरा दातारच्या दर्गाहमध्ये दवा-दुवा नावाचा उपक्रमच चालला : मुजावर दुवा करतात आणि तिथेच डॉक्टर औषध देतात. दोन्ही हात एकमेकांना धरून चालू शकतात. कोणाशी बोलायचे हे सुचत नसेल तर टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलता येते. जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली उपचाराची सोय असते. तिथे जाण्यात काडीचीही लाज नाही.

आणि गल्लीत, वाड्यात, शेताच्या आखाड्यावर एखादे पोर गप्प झाले असेल, रात्र रात्र जागत असेल, स्वतःशी बोलत असेल, तर इफ्तारनंतर दहा मिनिटे त्याच्याजवळ बसा. नाव देऊ नका, उपदेश करू नका, नुसते ऐका. कदाचित त्याच्याकडेही असे काही असेल, जे लिहून घेणारा अजून त्याला भेटलेला नाही.